देवाच्या नावावर बोललेलं खोटं

खोटं बोलण्याचा विषय ख्रिस्ती मंडळींत निघाला, की थोड्याच वेळात कुणीतरी तो दरवाजा पुढे आणतं. घरात एक निरपराध माणूस लपून बसला आहे, त्याच्या जिवावर उठलेले लोक दार ठोठावताहेत आणि विचारताहेत, 'आत कोण आहे?' आता तुम्ही काय सांगाल? लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, आज्ञा ती आज्ञा, परिणाम देवाच्या हाती. दुसरा म्हणतो, जीव वाचवणं मोठं. वाद रंगतो, वेळ संपते, शेवटची प्रार्थना होते. आणि बाहेर पडताना त्यांतलाच एकजण दुसऱ्याचा हात हातात घेऊन म्हणतो, 'तुमच्या आईसाठी रोज प्रार्थना करतोय हं.' तो करत नसतो. आईचं नावही त्याला आठवत नसतं.

त्या दरवाजाचा प्रश्न पोकळ आहे, असं मला म्हणायचं नाही. त्यापायी माणसांनी जीव धोक्यात घातले आहेत, आणि मी त्याकडे येणारच आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या दारावर तशी थाप कधी पडत नाही. आईच्या प्रार्थनेचं वाक्य मात्र आपण येता-जाता बोलतो. म्हणून माझं म्हणणं आधीच मांडतो. ख्रिस्ती माणसाचं सर्वांत सराईत खोटं भक्तीच्या भाषेत बोललं जातं. व्यवहारात आपण निदान जपून बोलतो, कारण तिथं पकडले जाण्याची भीती असते. ज्या शब्दांना देवाचं नाव लागलेलं आहे ते मात्र आपण सैल सोडतो, कारण त्यांची उलटतपासणी कुणी करत नाही. रोजच्या बोलण्यात खरेपणा आणायचा असेल तर सुरुवात तिथून व्हायला हवी, आणि माझ्या वाचनाप्रमाणे येशूनंही ती तिथूनच केली होती.

डोंगरावरच्या प्रवचनात खोटं बोलण्याबद्दल असा वेगळा उपदेश नाही. आहे तो शपथेबद्दल. 'होय तर होय, नाही तर नाही' हे मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं वचन आपल्याला तोंडपाठ असतं, पण त्याच्या आधीची यादी आपण घाईनं ओलांडतो. आकाशाची शपथ वाहू नका, ते देवाचं सिंहासन आहे. पृथ्वीची नको, ते त्याचं पादासन आहे. यरुशलेमेची नको, ते थोर राजाचं नगर आहे. आपल्या डोक्याचीही नको, कारण त्यावरचा एक केस पांढरा किंवा काळा करणं आपल्या हाती नाही. ही यादी कशासाठी, ते तेविसाव्या अध्यायात उलगडतं. मंदिराची शपथ घेतली तर ती बांधत नाही, मंदिरातल्या सोन्याची घेतली तर बांधते. वेदीची घेतली तर काही नाही, वेदीवरच्या अर्पणाची घेतली तर ती पाळावी लागते, असा हिशेब त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांनी बसवला होता, आणि येशू त्यांना त्याबद्दल 'आंधळे वाटाडे' म्हणतो. म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की मोठ्या पवित्र गोष्टीची साक्ष काढली आहे, आणि बोलणाऱ्याला आतून ठाऊक असावं की आपण बांधले गेलेलो नाही. पवित्र शब्दांचा उपयोग फसवण्याची सोय म्हणून चालला होता.

शपथेमुळे बोलण्याच्या दोन प्रती होतात. एक पक्की, देवाला साक्षी ठेवून दिलेली, आणि दुसरी कच्ची, रोजच्या वापराची. कच्च्या प्रतीत थोडं इकडेतिकडे चालतं. येशूनं ही दुसरी प्रतच रद्द केली. देव ज्याच्या समोर नाही असा एकही शब्द माणूस बोलत नाही, त्यामुळे काही शब्दांना वेगळी साक्ष लावणं म्हणजे उरलेल्या शब्दांच्या वेळी देव तिथं नव्हता असं धरून चालणं. याकोबानं आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात हीच आज्ञा पुन्हा दिली आहे.

आज मंडळीत कुणी यरुशलेमेची शपथ घेत नाही. पण 'प्रभूनं मला दाखवलं' हे वाक्य नेमकं तेच काम करतं. माझ्या साध्या 'मला वाटतं'ला जे वजन नाही ते त्याला देवाचं नाव जोडून मिळवायचं, आणि समोरच्याला प्रश्न विचारायची जागा ठेवायची नाही. एक तरुण एका मुलीला म्हणतो, 'प्रभूनं मला सांगितलंय की आपलं लग्न व्हायचं आहे.' ती काय उत्तर देणार? तिला तो आवडत नाही, इतकं साधं कारण. पण आता तिचा नकार त्याला उरलेला नाही, तो देवाला झाला आहे. ती अडखळते, 'मी पण प्रार्थना करून बघते' म्हणते, आणि एका खोट्यातून दुसरं खोटं जन्माला येतं, कारण तिला प्रार्थना करून बघायचं नाहीये, तिला नाही म्हणायचं आहे. 'तू मला आवडतेस, तुझं काय मत आहे?' असं तो म्हणाला असता तर दोघंही खरं बोलू शकले असते.

असंच एखादा सेवक हिशेबावरून वडील मंडळींशी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांशी, भांडण झाल्यावर जातो आणि निरोपाच्या दिवशी सांगतो, 'प्रभू मला दुसऱ्या सेवेसाठी बोलावतो आहे.' सगळे मान डोलावतात. भांडण जिथल्या तिथं राहतं आणि पुढच्या माणसाच्या वाट्याला येतं.

देव माणसाला मार्ग दाखवतो यावर माझा विश्वास आहे, आणि म्हणूनच हे मला जास्त लागतं. यिर्मयाच्या पुस्तकाच्या बेचाळिसाव्या अध्यायात घाबरलेले लोक संदेष्ट्याकडे येतात आणि म्हणतात, आम्ही काय करावं ते देवाला विचार. देवाचं वचन यिर्मयाकडे दहा दिवसांनी येतं. दहा दिवस तो गप्प राहतो, बाहेर लोक जीव मुठीत धरून थांबलेले असतानाही. त्याला स्वतःचं मत नव्हतं असं थोडंच आहे? पण स्वतःच्या मतावर त्यानं देवाची मोहर उठवली नाही. पौलाचंही तसंच. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात लग्नाबद्दल बोलताना तो एके ठिकाणी स्पष्ट सांगतो की हे प्रभू सांगत नाही, मी सांगतो. आणि पुढे, याविषयी मला प्रभूची आज्ञा नाही, मी आपलं मत देतो. प्रेषित असलेला माणूस आपलं मत आणि प्रभूची आज्ञा यांच्यात रेघ ओढतो. इतकी काळजी आपल्याकडून का होऊ नये? 'मला वाटतं', 'मला भीती वाटते', 'मला हे नको आहे' ही तिन्ही वाक्यं ख्रिस्ती माणसाला शोभणारी आहेत.

साक्षीबद्दल मला अधिक सविस्तर लिहायचं आहे, कारण तिथं आपलं सगळ्यांत चांगलं आणि सगळ्यांत वाईट बोलणं शेजारी शेजारी असतं. देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगणं ही जुनी आणि सुंदर रीत आहे. पण एक साक्ष तीन वेळा ऐकावी. पहिल्यांदा ती सांगणारी बाई म्हणते, 'डॉक्टर म्हणाले, औषध बदलून बघू, थोडी काळजी घ्या. आम्ही प्रार्थना केली. महिन्याभरात बरं वाटायला लागलं.' दुसऱ्या वेळी बदललेल्या औषधाचा उल्लेख गळतो. तिसऱ्या वेळी 'डॉक्टरांनी हात टेकले होते' आणि 'दुसऱ्याच दिवशी' हे शब्द आलेले असतात. ती बाई लबाड नाही. तिला देवाचा गौरव व्हावा असं मनापासून वाटतं. समोरचे लोक प्रत्येक वाढीव शब्दाला अधिक जोरात 'हालेलुया' म्हणतात आणि तिला वाटतं की आपण अधिक खरं बोलत आहोत.

आता शेवटच्या ओळीत बसलेल्या विधवेकडे बघा. तिच्या नवऱ्यालाही तोच आजार होता. तिनंही प्रार्थना केली होती, उपास केले होते, औषधं वेळेवर दिली होती. पहिली साक्ष ऐकली असती तर तिला इतकंच वाटलं असतं, की तिच्या बहिणीला औषध लागू पडलं आणि देवाचे आभार. तिसरी साक्ष ऐकून तिला वाटतं, आपल्या विश्वासात काहीतरी कमी होतं. 'हात टेकले होते' आणि 'दुसऱ्याच दिवशी' या जादा शब्दांनी तिच्या दुःखावर अपराधाचं ओझं ठेवलं, आणि ठेवणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. दहा आज्ञांतल्या त्या आज्ञेत 'आपल्या शेजाऱ्याविरुद्ध' खोटी साक्ष देऊ नकोस असं म्हटलं आहे. शेजाऱ्याविरुद्ध बोलायला त्याचं नाव घ्यावंच लागतं असं नाही. या साक्षीत त्या विधवेचा उल्लेखही नाही, तरी ती तिच्याविरुद्ध गेली.

इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल खोटं टाकून द्यायला सांगतो आणि कारण देतो ते असं: आपण एकमेकांचे अवयव आहोत. खोटं बोललं तर शिक्षा होईल किंवा अब्रू जाईल असं त्यानं म्हटलेलं नाही. डोळ्यानं हाताला चुकीचं दाखवलं तर भाजतो हात, इतकं ते सरळ आहे.

प्रेषितांच्या कृत्यांत मंडळीच्या आतल्या पहिल्या पापाची जी गोष्ट येते ती चोरीची किंवा व्यभिचाराची नाही. ती अशाच एका वाढवून सांगितलेल्या भक्तीची आहे. चौथ्या अध्यायाच्या शेवटी बर्णबा आपलं शेत विकून सगळे पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवतो. त्याला मान मिळाला असणार. लगेच पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा येतात. तेही जमीन विकतात, काही पैसे ठेवून घेतात, आणि उरलेले 'हे सगळे' म्हणून आणून देतात. पेत्राचं त्यांना म्हणणं नीट वाचावं. जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते, असं तो म्हणतो. कमी देण्याला कुणाचीच हरकत नव्हती. 'अर्धे आणले आहेत' एवढं वाक्य पुरेसं होतं. पण अर्धे देणाऱ्याची साक्ष तशी फिकी वाटते. बर्णबाच्या शेजारी उभं राहायचं तर पूर्ण दिल्यासारखं दिसायला हवं होतं. त्या दोघांना झालेली शिक्षा आजही वाचताना अंगावर येते, आणि मी ती सौम्य करून सांगणार नाही. लूकनं ही गोष्ट मंडळीच्या इतिहासाच्या अगदी सुरुवातीला ठेवली आहे, आणि ती तिथं का ठेवली असेल ते मला आपल्या साक्षींकडे बघून कळतं.

'होय तर होय' हे वचन अक्षरशः घेतलेले लोक इतिहासात होऊन गेले आहेत. १५२७ साली स्वित्झर्लंडमधल्या श्लाइटहाइम इथं ॲनाबॅप्टिस्ट, म्हणजे प्रौढांनाच बाप्तिस्मा द्यावा असं मानणाऱ्या पंथाच्या, पुढाऱ्यांनी जी सात कलमं मान्य केली, त्यांतलं शेवटचं शपथेविरुद्ध होतं. पुढं सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी तीच भूमिका घेतली. न्यायालयात शपथ घेतली नाही तर तुरुंग, असा तो काळ. १६६२ मध्ये तर त्यांच्या या नकारालाच गुन्हा ठरवणारा कायदा झाला. जॉर्ज फॉक्स आणि मार्गरेट फेल या त्यांच्या दोन्ही पुढाऱ्यांनी १६६४ मध्ये लँकेस्टरच्या तुरुंगात शपथ नाकारल्याबद्दल बंदिवास भोगला. मार्गरेट फेल १६६८ पर्यंत आत होत्या. राजाशी त्यांचं वैर नव्हतं. आपण नेहमीच खरं बोलतो, तेव्हा न्यायालयापुरतं वेगळं खरं बोलण्याचं वचन कसं द्यायचं, एवढाच त्यांचा मुद्दा होता. अखेर १६९६ मध्ये इंग्लंडच्या संसदेनं त्यांना काही कामांपुरतं शपथेऐवजी प्रतिज्ञेवर बोलायला परवानगी दिली, आणि १८३३ मध्ये जोसेफ पीज हे क्वेकर गृहस्थ शपथ न घेता संसदेत बसले. शपथेला प्रतिज्ञेचा जो पर्याय आज कित्येक देशांत सर्रास मिळतो, त्यामागं या हट्टी माणसांचे तुरुंगवास आहेत.

हीच माणसं दुकानात बसली तेव्हा त्यांनी घासाघीस बंद केली. दुकानदारानं चढा भाव सांगायचा, गिऱ्हाइकानं पाडून मागायचा, दोघांनीही 'याहून एक पैसा इकडेतिकडे नाही' म्हणायचं आणि मग मध्ये भेटायचं, अशी रीत होती. क्वेकरांनी एकच भाव सांगायला सुरुवात केली. आधी गिऱ्हाइकं बिचकली. नंतर लोकांच्या लक्षात आलं की या दुकानात लहान मुलाला पाठवलं तरी फसवणूक होत नाही. ज्यांना खरेपणा आणि रोजचं जगणं यांत विरोध दिसतो त्यांनी या गोष्टीवर विचार करावा. मात्र क्वेकरांचा धंदा नंतर भरभराटला म्हणून ते बरोबर होते, असं मी म्हणणार नाही. धंदा बसला असता तरी ते बरोबरच होते.

आता दयेचा आक्षेप. सगळंच खरं बोलायला गेलं तर नाती टिकतील का? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बेला डेपॉलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांना आठवडाभर आपल्या खोट्या बोलण्याची नोंद ठेवायला सांगितलं होतं. ७७ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या नोंदींत दिवसाला सरासरी दोन, तर ७० इतर नागरिकांच्या नोंदींत एक असं प्रमाण निघालं. ती बहुतेक किरकोळ होती आणि बोलणाऱ्यांना त्यांचं फारसं काही वाटलं नव्हतं. कुणाचं मन राखायला, कुणाला वाईट वाटू नये म्हणून बोललेलीही त्यांत होती. हे वाचून माणसं दुष्ट आहेत असं माझ्या मनात येत नाही. खरं कसं बोलावं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, असं मात्र वाटतं.

कारण खरं बोलणं म्हणजे मनात येईल ते बोलणं नव्हे. 'मी स्पष्टवक्ता आहे, तोंडावर बोलतो' असं म्हणणाऱ्या माणसांनी मंडळ्यांत जितक्यांना रडवलं आहे तितक्यांना खोटारड्यांनीही रडवलं नसेल. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर १५२९ साली आपल्या लहान प्रश्नोत्तरीत खोट्या साक्षीच्या आज्ञेचा अर्थ सांगताना शेजाऱ्याची निंदा करू नये एवढ्यावर थांबला नाही. त्याची बाजू घ्यावी, त्याच्याबद्दल चांगलं बोलावं आणि त्याच्या प्रत्येक गोष्टीचा होईल तितका चांगला अर्थ लावावा, असंही त्यानं लिहिलं. हे खरेपणाच्या विरुद्ध नाही. आपल्याला दुसऱ्याच्या मनातलं पूर्ण कधीच कळत नाही, म्हणून वाईट अर्थ हाच खरा असं धरून चालणं हेही खोटंच आहे. आणि गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. मध्ययुगातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस प्रत्येक खोट्याला पाप म्हणतो, पण शहाणपणानं सत्य झाकून ठेवायला तो मोकळीक देतो. हेरोदानं येशूला खूप प्रश्न विचारले, येशूनं एकाचंही उत्तर दिलं नाही. 'यावर मला आत्ता बोलायचं नाही' हे वाक्य आपण फार कमी वापरतो. आपल्याला वाटतं त्यापेक्षा ते समोरच्याच्या मनाला बरंच कमी लागतं, आणि 'नाही हो, तसं काहीच नाही' यापेक्षा कितीतरी स्वच्छ असतं.

हिटलरला विरोध करणारा जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर १९४३ मध्ये बर्लिनच्या टेगेल तुरुंगात असताना सत्य बोलण्याच्या प्रश्नावर लिहीत होता. तो निबंध अपुराच राहिला. त्यात एक शिक्षक भर वर्गात एका मुलाला विचारतो, तुझे वडील नेहमी दारू पिऊन घरी येतात, खरं ना? ते खरं असतं. मुलगा नाही म्हणतो. बोनहोफरचं म्हणणं असं, की शिक्षकाला तो प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता. मुलाला आपलं घर राखायचं होतं, पण घरही राखलं जाईल आणि खोटंही बोलावं लागणार नाही असं उत्तर त्या वयात सुचण्यासारखं नव्हतं, त्यामुळे दोष बोट दाखवणाऱ्या शिक्षकाकडे जातो. हे मला पटतं. दुसऱ्याला खोटं बोलायला भाग पाडणारे प्रश्न आपणही विचारतो. 'या आठवड्यात रोज वचन वाचलंत ना?' असं सगळ्यांसमोर विचारणारा पुढारी त्या शिक्षकाच्याच जागी उभा असतो.

मग तो दरवाजा. प्राचीन मंडळीचा मोठा धर्मशिक्षक ऑगस्टीन या बाबतीत अतिशय कडक होता. ३९५ च्या सुमारास एकदा आणि ४२० च्या सुमारास पुन्हा, त्यानं खोटेपणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. दुसऱ्या ग्रंथाला निमित्त झालं ते असं, की काही पाखंडी लोक आपलं मत लपवून खोटं बोलत आणि मंडळीत मिसळून राहत. त्यांना उघडं पाडायला आपणही त्यांच्यातलेच आहोत असं खोटं सोंग घ्यावं का, हा प्रश्न त्याच्याकडे आला. त्यानं साफ नकार दिला. सत्याची शिकवण देण्यासाठीच आपण खोटं बोलू लागलो तर आपण सत्य शिकवतो आहोत यावर कोण विश्वास ठेवेल, हा त्याचा प्रश्न आजच्या प्रत्येक प्रचारकानं ऐकावा असा आहे. याच ग्रंथात तो एक प्रसंग घेतो: एक आजारी माणूस मरणाच्या दारात आहे, त्याचा एकुलता एक मुलगा वारला आहे, आणि तो विचारतो, माझा मुलगा जिवंत आहे ना? ऑगस्टीन इथं हलतो. आपल्याला हे सोसत नाही असं तो कबूल करतो, तरीही खोट्याला परवानगी देत नाही.

इथं मी त्याच्यासोबत शेवटपर्यंत जाऊ शकत नाही. निर्गमच्या पहिल्या अध्यायात शिफ्रा आणि पुवा या सुइणी मिसरच्या राजाला, फारोला, खोटं सांगून इब्री मुलं वाचवतात आणि देव त्यांचं कल्याण करतो. यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात यरीहोतली राहाब इस्राएली हेरांना छपरावर लपवते आणि शिपायांना भलत्या दिशेला पाठवते. नव्या करारात तिचं नाव विश्वासाच्या माणसांत येतं. पण या बायकांच्या नावावर आपली रोजची खोटी खपवण्याआधी एक गोष्ट बघावी लागेल, आणि ती फ्रान्समधल्या ल शाँबों-सुर-लिन्यों या गावात दिसते. दुसऱ्या महायुद्धात पाळक आंद्रे त्रोक्मे, त्यांचे सहकारी एदुआर तेइस आणि सगळ्या पंचक्रोशीनं मिळून हजारो ज्यू लोकांना आसरा दिला. त्यासाठी बनावट कागदपत्रं तयार झाली, खोटी नावं दिली गेली. १९४३ च्या फेब्रुवारीत त्रोक्मे आणि तेइस यांना पकडून छावणीत ठेवलं. सुटकेसाठी एका कागदावर सही करायची होती, की आम्ही सरकारचे हुकूम पाळू. दोघांनीही सही केली नाही, कारण ते पाळणार नव्हते. सही करून घरी जायचं आणि मग हवं ते करायचं, हे कुणालाही सुचलं असतं.

दुसऱ्याच्या जिवासाठी ज्या गावात खोटे कागद तयार झाले, त्या गावच्या या माणसांनी स्वतःच्या सुटकेसाठी एक खोटी सही केली नाही. दरवाजाचा दाखला देण्याचा अधिकार मला अशा माणसांना द्यावासा वाटतो. आपण तो दाखला देतो तेव्हा आपल्या डोक्यात बहुधा आपलीच अडचण असते, लपलेला माणूस नसतो.

मी भक्तीच्या भाषेतल्या खोट्याला इतकं महत्त्व का देतो, ते शेवटी सांगायला हवं. सौम्य, पवित्र वाटणारे शब्द सवयीनं वापरत गेलं की एके दिवशी ते भयंकर गोष्टींवरही घातले जातात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ग्रँड ज्युरीनं, म्हणजे नागरिकांच्या चौकशी मंडळानं, कॅथलिक धर्मप्रांतांतल्या बाललैंगिक अत्याचारांचा अहवाल प्रसिद्ध केला. ३०० हून अधिक धर्मगुरू आणि ओळख पटलेली एक हजाराहून अधिक मुलं त्यात आहेत. गुन्हे झाकले कसे गेले तेही त्यात नोंदलं आहे, आणि त्यातली पहिलीच गोष्ट भाषेची आहे. बलात्कार असं म्हणायचं नाही, 'अनुचित संपर्क' म्हणायचं. आणि धर्मगुरूला हलवावंच लागलं तर लोकांना कारण सांगायचं नाही. तो आजारी रजेवर आहे किंवा मानसिक थकवा आला आहे, असं सांगायचं. हे एका पंथापुरतं आहे असं समजून बाकीच्यांनी सुस्कारा टाकू नये. ज्या मंडळीत पुढाऱ्याचं भांडण 'प्रभूचं बोलावणं' होतं आणि नकार 'प्रार्थना करून सांगतो' होतो, तिथं ही भाषा आधीच तयार आहे. तिला फक्त मोठा गुन्हा मिळायचा बाकी असतो.

यावर घरच्या घरी करता येण्यासारखं बरंच आहे. प्रार्थना करीन असं म्हणायचं असेल तर तिथंच, उभ्या उभ्या दोन वाक्यांची प्रार्थना करावी. नाहीतर ऐकून घ्यावं, 'फार कठीण आहे हो' म्हणावं आणि तेवढंच खरं असू द्यावं. साक्षीत औषधाचं नाव राहू द्यावं. देवाला त्याचं वावडं नाही. 'कसे आहात?' असं विचारल्यावर 'देवाच्या कृपेनं अगदी छान' हेच एक उत्तर ज्या मंडळीत चालतं, तिथल्या वडील मंडळींनी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उपासनेत मोठ्यानं वाचावं. त्यात शेवटपर्यंत उजेड येत नाही, स्तुतीची ओळ येत नाही, तरी ते उपासनेच्या गीतांत आहे.

आणि जिथं पुढारी जातो, काढला जातो किंवा गप्प बसवला जातो, तिथं त्याबद्दलची सूचना कुणीतरी लिहितं. चार-पाच ओळींचा कागद असतो. त्यात 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द लिहिण्याआधी वडील मंडळींनी एकमेकांकडे बघून विचारावं, की ज्या मुलाच्या बाबतीत हे घडलं त्याच्या आईच्या समोर उभं राहून आपण हा कागद वाचू शकू का. आणि वाचता येणार नसेल तर तो पुन्हा लिहावा.